रोख अनुदानाने गरिबी किती घटली? आपल्या तालुक्यात तपासण्याची पद्धत

लाडकी बहीण, संजय गांधी निराधार, श्रावणबाळ, पीएम किसान, नमो शेतकरी. यांतली दोन-तीन नावे आज एकाच घरात सापडतात. या पैशाने गरिबी हटली असे एक जण ठामपणे सांगतो, सगळे पैसे दारूत गेले असे दुसरा तितक्याच ठामपणे सांगतो, आणि मोजलेले दोघांनीही काही नसते. पुढची पद्धत तालुका पातळीवर काम करणाऱ्या संस्था, समाजकार्याचे विद्यार्थी आणि जागरूक ग्रामसभा यांच्यासाठी आहे. सहा-आठ सर्वेक्षक, एक पर्यवेक्षक, संगणकावरचा साधा तक्ता आणि वर्षाच्या अंतराने दोन फेऱ्या एवढ्यात हे काम होते.

डोकी मोजू नका, तूट मोजा

गरिबी मोजायला आधी रेषा लागते. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ साठी ग्रामीण महाराष्ट्राची रेषा माणशी महिना ९६७ रुपये आणि शहरी भागाची १,१२६ रुपये होती. ग्रामीण रेषा महागाईच्या प्रमाणात वाढवली तर आज ती दोन हजारांच्या आसपास येते. गावपातळीच्या कामाला तेवढी पुरते. जागतिक बँकेची रेषाही चालेल, मात्र जून २०२५ मध्ये ती दिवसाला २.१५ डॉलरवरून ३ डॉलरवर गेली हे ध्यानात ठेवा. रेषा सरकली की गरिबांची संख्या एका दिवसात बदलते, कोणाच्याही चुलीवर काही फरक न पडता. म्हणून रेषा कोणतीही घ्या, दोन्ही फेऱ्यांना तीच ठेवा आणि फक्त महागाईपुरती वाढवा.

आता दोन घरे घ्या. पहिल्या घरात पाच माणसे, महिन्याचा खर्च ७,००० रुपये, म्हणजे माणशी १,४००. रेषेपासून ६०० रुपयांची, म्हणजे ३० टक्क्यांची तूट. या घरात १,५०० रुपये आले आणि सगळे घरखर्चात गेले तर माणशी खर्च १,७०० होतो आणि तूट १५ टक्क्यांवर येते. तूट निम्मी झाली, तरी घर गरीबच मोजले जाते. दुसऱ्या घरात चार माणसे आणि ७,२०० रुपये खर्च, म्हणजे माणशी १,८००. तेच १,५०० रुपये आले की माणशी २,१७५ होतात आणि घर रेषेच्या वर जाते. नुसती डोकी मोजणारा अहवाल दुसऱ्या घराला यश म्हणेल आणि पहिल्याला अपयश. खरे तर दोन्हीकडे तेवढेच पैसे गेले, आणि गरज पहिल्या घराची जास्त होती.

डोकी मोजण्यातला हा दोष अमर्त्य सेन यांनी १९७६ मध्येच दाखवला होता. तरीही सरकारी पत्रकांत 'इतके लोक गरिबीतून बाहेर' हाच आकडा झळकतो, कारण तो सांगायला सोपा असतो. तुम्ही तक्त्यात दोन्ही आकडे ठेवा: रेषेखालच्या माणसांचे प्रमाण आणि सरासरी तूट. तूट काढताना रेषेवरच्या घराची तूट शून्य धरायची, प्रत्येक घराच्या तुटीला माणसांच्या संख्येने गुणायचे आणि बेरजेला एकूण माणसांनी भागायचे. दीड हजाराच्या अनुदानाचा परिणाम बहुतेक वेळा तुटीच्याच आकड्यात दिसतो.

हातात नेमके किती पडले

शासन निर्णयातली रक्कम आणि हातात पडलेली रक्कम यांत फरक असतो. तो मोजल्याशिवाय पुढचे सगळे काम पोकळ ठरते.

पासबुक मागा आणि ते छापून आणलेले असेल तरच त्यावर विसंबा. मागच्या बारा महिन्यांच्या जमा नोंदी तारखेसह उतरवा. खाते क्रमांक आणि आधार क्रमांक उतरवू नका, पासबुकाचा फोटोही काढू नका. घराला तुमचा स्वतःचा सांकेतिक क्रमांक पुरतो.

नोंदी वाचताना गोंधळ उडतो तो असा. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात ६० ते ७९ वयोगटासाठी केंद्राचा हिस्सा फक्त २०० रुपये आहे आणि बाकी रक्कम राज्य घालते. त्यामुळे एकाच पेन्शनच्या दोन नोंदी दिसू शकतात आणि सर्वेक्षक त्यांना दोन योजना समजतो. (हे २०० रुपये २००७ पासून तेवढेच आहेत. तेव्हापासून किमती साधारण तिप्पट झाल्या.) पीएम किसान आणि नमो शेतकरी यांचे वर्षाला सहा-सहा हजार रुपये दोन-दोन हजारांच्या हप्त्यांनी येतात. हे दोन्ही लाभ घेणाऱ्या बाईला लाडकी बहीणचे १,५०० नव्हे तर फरकाचे ५०० रुपये मिळतात, आणि संजय गांधीचे १,५०० घेणारी बाई त्यात बसत नाही. योजनांची नावे विचारून रकमा जुळवायला गेलात तर घरटी हजारभर रुपयांची चूक सहज होते. म्हणून आधी रक्कम आणि तारीख, मग योजनेचे नाव.

त्यानंतर पैसे काढायचा खर्च. बँक की बँक मित्र, जाण्या-येण्याचे भाडे, बुडालेली रोजंदारी, अंगठा देऊन पैसे काढताना कापून घेतलेले दहा-वीस रुपये, आणि 'अंगठा लागत नाही, उद्या या' झाले असल्यास दुसरी फेरी. भाडे ६०, बुडालेली मजुरी ३०० आणि कापलेले २० धरले तर १,५०० चे १,१२० उरतात. त्यामुळे बायका दोन-तीन महिन्यांचे पैसे एकदम काढतात. तिमाहीला एकदा गेले तर ४,५०० मागे तेच ३८० जातात. हा शहाणपणाच आहे, पण मग पैशाचा उपयोगही बदलतो.

केनियातल्या रारिएडा भागात एका स्वयंसेवी संस्थेने दिलेल्या रोख मदतीच्या अभ्यासात हेच दिसले: महिन्याला पैसे मिळालेल्या घरांत खाण्यापिण्याची ददात कमी झाली, एकरकमी मिळालेल्यांनी टिकाऊ वस्तू जास्त घेतल्या. तेव्हा प्रश्नावलीत 'पैसे किती महिन्यांनी काढता' हा रकाना हवाच.

पैसे आलेच नसतील तर कारणाचा वेगळा रकाना ठेवा. नेहमीची कारणे अशी:

- आधारशी जोडलेले खाते वेगळ्याच बँकेत आहे. डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे पैसे शेवटी ज्या बँकेत आधार जोडले गेले तिथे जातात, लाभार्थी ज्या बँकेचे पासबुक दाखवते तिथे नव्हे. मोबाइलचे सिम घेताना उघडलेल्या पेमेंट बँकेच्या खात्यात वर्षभराचे हप्ते साठलेले सापडतात. 'माय आधार' पोर्टलवर 'बँक सीडिंग स्टेटस' पाहिले की बँकेचे नाव कळते. लाभार्थी स्वतः सोबत असताना, तिच्याच मोबाइलवर आलेल्या ओटीपीने हे पाहा.
- बँकेची केवायसी मुदत संपून खाते गोठलेले आहे.
- खाते 'स्मॉल अकाउंट' प्रकारचे आहे. त्यात वर्षाला एक लाखापेक्षा जास्त जमा होत नाही, त्यामुळे ती मर्यादा भरली की पुढचा हप्ता परत जाऊ शकतो.
- नाव किंवा जन्मतारीख कागदोपत्री जुळत नाही. माहेरचे आणि सासरचे नाव हा यातला सर्वात मोठा गट.
- योजनेची ई-केवायसी किंवा हयातीचा दाखला राहिला आहे.

ज्यांचे पैसे अडकले आहेत त्यांना 'लाभार्थी नाही' असे धरू नका. त्यांचा गट वेगळा ठेवा. पुढे तुलनेसाठी तोही कामाला येतो.

तुलना कोणाशी करायची

अनुदान सुरू झाल्यावर घराचा खर्च वाढला, म्हणजे अनुदानामुळे वाढला, असे होत नाही. त्या वर्षी पाऊस बरा झाला असेल, कापसाला भाव मिळाला असेल. म्हणून अनुदान न मिळालेला, पण बाकी सगळ्या बाबतींत तसाच गट लागतो.

मेक्सिकोने हे फार नीट केले. १९९७ मध्ये 'प्रोग्रेसा' योजना सुरू करताना मूल्यमापनासाठी ५०६ गावे निवडली. त्यांतल्या चिठ्ठी पद्धतीने काढलेल्या ३२० गावांना योजना आधी दिली आणि १८६ गावांना सुमारे दीड वर्षाने. पैसे आईच्या हाती, अट मुलांच्या शाळेतल्या हजेरीची. माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींची संख्या वाढली हे त्यातूनच खात्रीने सांगता आले, आणि सरकार बदलल्यावरही योजना नाव बदलून २०१९ पर्यंत टिकली. मध्य प्रदेशात २०११-१२ मध्ये 'सेवा' संघटनेने युनिसेफच्या मदतीने आठ गावांत प्रत्येक माणसाला रोख रक्कम दिली आणि बारा गावे तुलनेसाठी ठेवली.

आपल्याला चिठ्ठ्या टाकता येत नाहीत. मग तीन वाटा उरतात.

पहिली आणि सर्वात भरवशाची: मंजुरीच्या रांगेतले लोक. संजय गांधी आणि श्रावणबाळचे अर्ज तालुका समितीच्या बैठकीत मंजूर होतात. मागच्या बैठकीत मंजूर झालेले आणि पुढच्या बैठकीची वाट पाहणारे बहुधा सारख्याच परिस्थितीतले असतात. दोघांनीही अर्ज केलेला असतो, धडपड केलेली असते. अर्जच न केलेल्या घराशी तुलना केली तर ही धडपडच मोजली जाते.

दुसरी वाट वयाची. श्रावणबाळ ६५ पासून मिळते. ६२ ते ६४ आणि ६५ ते ६७ वयाच्या माणसांची घरे तुलनेला घेता येतात. पण आधारवरच्या जन्मतारखा पाहा: १ जानेवारीचे ढीग लागलेले असतात, कारण वय अंदाजाने लिहून घेतले होते. अशी घरे फार निघाली तर ही वाट सोडा.

तिसरी वाट लाडकी बहीणसाठी. जून २०२४ च्या शासन निर्णयाने आलेली ही योजना २१ ते ६५ वयाच्या आणि अडीच लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या बायकांना मिळते, म्हणजे गावात न मिळणारे घर शोधणेच अवघड. इथे ज्यांचे पैसे तांत्रिक कारणाने अडकले तो मघाचा गट वापरा. मात्र नाव न जुळणे आणि गरिबी यांचा संबंध असतो हे विसरू नका. सर्वात गरीब बाईची कागदपत्रेच सर्वात विस्कळीत असतात. म्हणून या गटाचा पहिल्या फेरीतला खर्च आधी तपासा आणि तो आधीपासूनच बराच कमी असेल तर अहवालात तसे लिहा.

एक सापळा मात्र सगळ्यांनाच आहे. केनियाच्या सियाया जिल्ह्यात ६५३ गावांत अभ्यास झाला, लाभार्थी घरांना सुमारे एक हजार डॉलर मिळाले होते. तिथे पैसे न मिळालेल्या घरांचाही खर्च वाढला, कारण लाभार्थ्यांनी तो पैसा आसपासच्या दुकानांत आणि मजुरीत घातला. किमती जेमतेम ०.१ टक्का वाढल्या. अर्थ असा की शेजारचे घर तुलनेला घेतले तर परिणाम प्रत्यक्षापेक्षा लहान दिसतो. जमेल तिथे तुलनेची गावे वेगळ्या आठवडी बाजाराची निवडा.

किती घरे

सोपे सूत्र आहे. माणशी खर्चाचे प्रमाण विचलन (घराघरांतला खर्च सरासरीपासून साधारण किती वरखाली असतो तो आकडा, संगणकावरचा तक्ता काढून देतो) भागिले अपेक्षित फरक, त्याचा वर्ग, गुणिले १६. एवढी घरे प्रत्येक गटात लागतात. विचलन ९०० रुपये आणि अपेक्षित फरक ३०० असेल तर १४४ घरे. फरक १५० चाच असेल तर ५७६. अनुदान छोटे असले की नमुना चौपट होतो तो असा, आणि ५० घरांच्या पाहणीवर 'काही परिणाम नाही' असे छापणारे अहवाल इथेच फसतात. त्यांना परिणाम दिसणारच नव्हता.

एका गावातली घरे एकमेकांसारखी असतात, त्याची भरपाईही करावी लागते. गावामागे १५ घरे घेतली आणि साम्याचा गुणांक ०.०५ धरला तर १४४ ला १.७ ने (१ अधिक १४ गुणिले ०.०५) गुणायचे: २४५ घरे. पहिल्या फेरीतला खर्च हाताशी असेल तर गरज साधारण चतुर्थांशाने घटते, म्हणजे १८४ घरे, १२-१३ गावे. दुसऱ्या फेरीपर्यंत दहा टक्के घरे गळतात, तेवढी जास्त घ्या. एका गावातून ४० घरे घेण्यापेक्षा जास्त गावे बरी. जीपचे भाडे वाढते, पण आकडा खरा येतो.

काय विचारायचे, किती दिवसांचे

उत्पन्न विचारू नका, खर्च विचारा. मजूर घराला महिन्याचे उत्पन्न सांगताच येत नाही, आणि योजनेची उत्पन्न मर्यादा माहीत असलेला माणूस खरे सांगणार नाही. संजय गांधीसाठी कुटुंबाची मर्यादा वर्षाला २१ हजार आहे. त्या दाखल्यावरचा आकडा मर्यादेच्या आतच असतो.

राष्ट्रीय कौटुंबिक उपभोग खर्च सर्वेक्षणाची विभागणी वापरा. तेल, भाजी, फळे, अंडी-मांस-मासे, मसाले, बाहेरचे खाणे, पान-तंबाखू आणि दारू यांना मागचे सात दिवस. धान्य, डाळी, दूध, साखर, इंधन, औषधे, भाडे यांना ३० दिवस. कपडे, चपला, शाळेचा खर्च, दवाखान्यात भरती आणि टिकाऊ वस्तू यांना ३६५ दिवस. ७ दिवसांचे महिन्यात आणताना ३० ने गुणून ७ ने भागा, नुसते चारने गुणू नका. चारने गुणले तर दोन दिवस गळतात.

रेशनच्या फुकट धान्याला बाजारभावाने किंमत लावा. घरच्या ज्वारीला गावात त्या दिवशी मिळणारा भाव. पायलीने मोजत असतील तर प्रत्येक गावात एक पायली वजन करून पाहा. ती सगळीकडे सारखी नसते आणि ज्वारीची पायली बाजरीला चालत नाही.

खर्चाच्या यादीनंतर कर्ज विचारा: किराणा दुकानाची उधारी, बचत गट, फायनान्सचा आठवडी हप्ता, मुकादमाची उचल, सोने गहाण. अनेक घरांत अनुदानाचा पहिला परिणाम ताटात न दिसता उधारीच्या वहीत दिसतो. खर्च तेवढाच राहिला आणि उधारी तीन हजारांनी उतरली, तर तो परिणामच आहे.

बाहेरगावच्या मुलाकडून येणारे पैसेही विचारा, दोन्ही फेऱ्यांत. दक्षिण आफ्रिकेत म्हाताऱ्यांची पेन्शन वाढली तेव्हा पेन्शनच्या प्रत्येक रँडमागे मुलांनी पाठवायचे पैसे साधारण पाव रँडने कमी झाले. आपल्याकडेही आईला पेन्शन लागली की पुण्या-मुंबईचा मुलगा हात आखडता घेतो का, हे पाहायला हवे. घेत असेल तर तो पाव हिस्सा त्या मुलाच्या घरी पोचला, वाया गेला नाही.

दारूचा प्रश्न यादीत पान-तंबाखूच्या ओळीतच, सहज, बाईला एकटीला विचारा. नवरा ओसरीवर बसलेला असताना मिळालेले उत्तर खोडून टाका. रोख मदतीने दारू-तंबाखूचा खर्च वाढतो हा समज अनेक देशांतल्या अभ्यासांत टिकलेला नाही, पण तुमच्या तालुक्याचा आकडा तुमच्याकडे असू द्या. 'पैसे कोण काढून आणते' आणि 'कशावर घालायचे हे कोण ठरवते' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एकत्र करू नका.

सुरुवातीलाच स्पष्ट सांगा की या पाहणीमुळे कोणाचे नाव योजनेत येणार नाही आणि कटणारही नाही. सरपंच किंवा पक्षाचा कार्यकर्ता सोबत घेऊन फिरलात तर पाहणी तिथेच संपली.

फेरीची वेळ

दोन्ही फेऱ्या वर्षाच्या एकाच महिन्यात हव्यात. एक फेरी पेरणीच्या तोंडावर जूनमध्ये आणि दुसरी सुगीनंतर केली तर तुम्ही हंगाम मोजलात. ऊसतोडीच्या भागात दिवाळीनंतर मार्चपर्यंत जाऊ नका. घरी म्हातारी माणसे आणि कुलपे भेटतील. दिवाळीचा महिनाही टाळा. निवडणुकीच्या आचारसंहितेत हप्ते पुढेमागे होतात आणि लोक प्रश्नाला प्रचार समजतात.

हप्ता जमा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी गेलात तर सात दिवसांचा खर्च फुगलेला दिसेल. तीन महिन्यांचे पैसे एकदम पडले असतील तर आणखीच. म्हणून शेवटची जमा तारीख आणि भेटीची तारीख यांतले दिवस मोजा आणि दोन्ही गटांच्या भेटी त्याच आठवड्यांत करा. प्रत्येक गावातल्या दोन दुकानांत दहा वस्तूंचे भाव दोन्ही फेऱ्यांत टिपा.

आकडा काढणे

समजा लाभार्थी घरांचा माणशी खर्च १,६०० वरून २,०५० झाला आणि तुलनेच्या घरांचा १,९०० वरून २,१५०. लाभार्थ्यांची वाढ ४५०, इतरांची २५०. अनुदानाच्या नावावर २०० जमा करायचे, ४५० नव्हेत. मग पाहा: घरात माणशी किती अनुदान आले होते? ३०० आले आणि खर्च २०० ने वाढला, तर उरलेले १०० उधारी, बचत किंवा मुलाच्या कमी झालेल्या मनीऑर्डरीत शोधा. खर्च अनुदानाहून जास्त वाढलेला दिसला तर खूश होण्याआधी तुलनेचा गट तपासा. चूक बहुतेक तिथेच असते.

सरासरीसोबत मध्यक (घरे खर्चाच्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) द्या, कारण लग्न किंवा ऑपरेशन झालेली दोन घरे सरासरी ओढून नेतात. तूट विधवा, अपंग आणि भूमिहीन घरांसाठी वेगळी काढा.

ग्रामसभेपुढे नेताना एका पानावर चार आकडे पुरेत: खर्च वजा जाता हातात पडलेली रक्कम, तुटीतला बदल, उधारीतला बदल, आणि पैसे अडकलेल्या घरांची संख्या. नावे वाचून दाखवू नका. अडकलेल्या घरांचे अर्ज, ज्यांनी लेखी संमती दिली त्यांचेच, कारणानुसार वेगळे गठ्ठे करून द्या: आधार जोडणी आणि केवायसीचे बँकेकडे, नावातल्या फरकाचे आधार केंद्राकडे, हयातीच्या दाखल्याचे तहसीलच्या संजय गांधी शाखेकडे. सगळे एकत्र तहसीलदारांना दिले तर निम्मे 'हा विषय बँकेचा' म्हणून परत येतात. प्रत्येक गठ्ठ्याची पोच घ्या आणि ४५ दिवसांनी पासबुके पुन्हा पाहा.